पोर आणि त्याची शिकारी कुत्री

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आम्हाला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. ऊसतोड कामगारांच्या संघटनेत ज्याची उमर गेली तो माणूस मजुरीचे दर, मुकादमाची उचल आणि कारखान्याचे करार यांवर बोलणार! आम्ही विषय कळविला तो पोराचा आणि त्याच्या कुत्र्यांचा. चालक जरा बिचकले. पण त्यांनी तो पत्रिकेवर छापला याबद्दल त्यांचे आभार. ज्यांना हा विषय पोरकट वाटत असेल त्यांनी थोडा धीर धरावा. मजुरीचा प्रश्न वाटेत भेटेलच. तो आमची पाठ कोठेही सोडीत नाही.

आपल्या बीड जिल्ह्याची कुत्री अलीकडे एकदा जगाच्या वर्तमानपत्रांत झळकली. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातील लऊळ येथे वानरांनी कुत्र्यांची पिले उचलून घरांवर आणि झाडांवर नेली, त्यांतली बरीच पडून मेली. वनखात्याने दोन वानरे पकडून नेली. परदेशी पत्रांनी त्याला वानरांच्या सूडाचे नाव दिले, आणि चार दिवस आपला जिल्हा गाजला. ज्या कुत्र्यांविषयी आम्हाला सांगावयाचे आहे, ती मात्र कधी छापून आली नाहीत. ती माळावर पोरांच्या मागे धावली, बैलगाडीखाली चालत उसाच्या मुलखात गेली आणि तेथेच कोठे तरी मातीत गेली.

ही सोबत फार जुनी आहे. फ्रान्सच्या दक्षिणेस शोव्हे नावाची चित्रांची गुहा १९९४ मध्ये सापडली. तिच्या ओल्या जमिनीत आठ-दहा वर्षांच्या एका पोराच्या अनवाणी पावलांचे ठसे आहेत, आणि त्याच वाटेवर लांडग्याचे किंवा कुत्र्याचे म्हणता येतील असे पंजेही आहेत. पोराने आपली मशाल भिंतीवर झटकली असावी, असे तिच्या काजळीच्या खुणांवरून मानतात. ती काजळी सुमारे २६ हजार वर्षांपूर्वीची निघाली. पोर आणि ते जनावर बरोबर चालले, की मागेपुढे पुष्कळ वर्षांच्या अंतराने आले, यावर विद्वानांत वाद आहे. आम्ही आमच्यापुरता निकाल कधीच देऊन टाकला आहे. तो विद्वानांनी मानण्याचे कारण नाही.

वादापलीकडचा पुरावा जर्मनीतला आहे. बॉन शहराजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये खाणीचे काम चालू असता एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा यांची हाडे एका जागी सापडली. ती सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीची. २०१८ मध्ये त्या कुत्र्याचे दात बारकाईने तपासले गेले. सहा-सात महिन्यांचे पिलू होते ते, आणि त्याला लहानपणीच डिस्टेंपर नावाचा जीवघेणा रोग झालेला होता. त्या रोगात पिलू स्वतः खाऊ-पिऊ शकत नाही. तरीही ते काही आठवडे जगले, याचा अर्थ कोणी तरी त्याचे तोंड पुसले, त्याला पाणी पाजले, ऊब दिली. श्रोत्यांनी हे ध्यानात ठेवावे. आजारी पिलू शिकारीच्या कामाचे नसते. ते रात्रभर जागून कोणी सांभाळले असेल? त्या टोळीत पोरे असतीलच. आमचा संशय त्यांच्यावर आहे.

आपल्याकडे काश्मीरात बुर्झाहोम येथील नवाश्मयुगीन वस्तीत माणसांच्या जोडीने कुत्रे पुरलेले आढळले, आणि तेथील एका शिळेवर हरणाच्या शिकारीचे चित्र कोरलेले आहे, त्यातही कुत्रा आहे. पुढे ग्रंथांचा काळ आला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. हे कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. आपल्यापासून काही फार लांब नव्हे. त्या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये कुत्र्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. करमणूक म्हणूनच ते लिहिले गेले, कारण राजाची चूल शिकारीवर पेटत नव्हती. ज्याची पेटत होती त्याने ग्रंथ लिहिला नाही.

आता आमच्या माळावर येतो. आमचे गाव बालाघाटाच्या माथ्यावरचे. मुरमाड जमीन, कुसळी गवत, बोरी-बाभळी, तरवड. ओढ्याला दिवाळीपर्यंत पाणी. आमचा जन्म १९७२ च्या दुष्काळातला. आई तेव्हा सरकारी कामावर खडी फोडीत होती. आम्ही जाणते झालो तेव्हा घरी दोन कुत्री होती, वाघ्या आणि रुपी. जातिवंत म्हणावीत अशी ती नव्हेत. शिकारी कुत्रा म्हटले की आपल्याकडे कारवान कुत्र्याचे नाव निघते: लांब तोंडाचा, पोट पाठीला लागलेला, उंच पायांचा. लातूरकडे त्यातल्याच केसाळ कानाच्या कुत्र्याला पश्मी म्हणतात, आणि खाली कर्नाटकात त्याच घराण्याला मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची निगा राखली. २००५ मध्ये टपालखात्याने त्याचे तिकीटही काढले. आमच्या वाघ्याच्या घराण्यात कोणी तिकिटावर जाण्याजोगे नव्हते. त्याचा एक कान फाटका होता.

शिकार आम्हाला शिकविली ती पालावरच्या एका पोराने. दरसाल सुगी सरता सरता गावाबाहेर ओढ्याकाठी फासेपारध्यांची चार-पाच पाले पडत. त्यातला हा पोरगा आमच्याहून दोन वर्षांनी मोठा असेल. घरात गुजरातीसारखी वाटणारी आपली बोली बोले, आमच्याशी मराठी, आणि कुत्र्यांशी नुसत्या शिट्ट्या आणि जिभेचे टाळे. पारध्याचे खरे हत्यार फासा. तित्तर-लाव्याला बारीक, मोठ्या जनावराला जाड. कुत्री त्याला जोडीला. त्याच्याजवळ तीन होती, आणि त्यांतली काळी कुत्री त्याच्या पायातच असे.

शाळेत ससा कासवापुढे झोपतो. माळावरचा ससा तसला नव्हे. तो बीळ करीत नाही. गवतात दबून बसतो, आणि पाय त्याच्यावर पडेपर्यंत हलत नाही. उठला की सरळ पळत नाही, कुत्र्याचे तोंड लागणार तोच काटकोनात वळतो. कुत्रा आपल्याच वेगाने पुढे जातो. शिवाय सशाचे मागचे पाय लांब, म्हणून तो नेहमी चढाकडे काढतो; चढावर कुत्रा त्याला गाठीत नाही. हे सगळे त्या पोराला ठाऊक होते. तो दोन कुत्री खालून सोडी आणि काळीला हाताखाली धरून स्वतः वरच्या अंगाला बांधावर बसे. ससा वळून वर आला की तो नुसता हात लांब करी. काळी त्या हाताच्या रोखाने सुटे, सशाच्या मागे नव्हे. तो पुढे जेथे येणार तेथे.

हात लांब करणे, ही गोष्ट आम्हाला तेव्हा काहीच वाटली नाही. पुढे वाचनालयात बसून जे काही वाचले त्यात कळले की माणसाने बोट दाखविले तर त्या दिशेला पाहावे, ही समज फार थोड्या जनावरांना आहे. माणसाच्या जवळच्या नात्यातल्या चिंपांझीलाही ती कुत्र्याइतकी साधत नाही. कुत्र्याला ती शिकवावी लागते असेही नाही. कोलकात्याजवळच्या एका विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावरच्या बेवारशी कुत्र्यांपुढे दोन वाट्या ठेवून एकीकडे बोट दाखविले. पुष्कळ कुत्री भिऊन जवळच आली नाहीत. पण जी आली त्यांपैकी शेकडा ऐंशींच्या आसपास कुत्री बोटाच्या रोखाने गेली. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झाले. ज्यांना कोणी कधी शिकविले नाही, ज्यांना माणसाच्या हातातून दगडच जास्त मिळाले, ती ही कुत्री!

कुत्र्याच्या नाकाविषयी सर्वांना ठाऊक असते. वास घेणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात पन्नास-साठ लाख, तर कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटींपर्यंत, असा हिशेब सांगतात. कमी ठाऊक असते ते त्याचे दुबळे अंग. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा अंग निववण्याचा मुख्य मार्ग. बालाघाटावर फाल्गुनात दहा वाजले की दगड तापतो. अशा वेळी शिकारीच्या भरात धावणारे कुत्रे स्वतः थांबत नाही. धावता धावता आडवे पडते आणि मरते. म्हणून तो पोरगा उन्हे वर आली की कुत्र्यांना दोरी लावी. सोबत पत्र्याच्या डब्यात पाणी असे. ते आधी त्यांच्या जिभेवर आणि पोटाखाली, उरले तर आमच्या घशात. आम्हाला तहान लागलेली असे, आणि राग येई. तो म्हणे, “त्याला थांबायचं कळत न्हाई. आपल्याला कळतंय.” ससा मिळालाच तर पहिला वाटाही कुत्र्यांचा, आणि तो तेथेच, माळावर. घरी नेऊन देऊ म्हटले तर चालत नसे. घरी गेल्यावर खाणारी तोंडे वाढतात आणि कुत्र्याचा वाटा विसरला जातो, हे त्याला पक्के माहीत होते. मजुरी कामाच्या जागीच हातात पडावी, हे आम्ही पुढे पुष्कळ सभांतून सांगितले. ते आम्ही कोणत्या पुस्तकात वाचले, असे एकाने विचारले होते.

रुपीचे एक पिलू त्याने मागितले. सहा-सात आठवड्यांचे झाले तेव्हाच हवे, त्याआधी नको आणि नंतर तर नकोच, असा त्याचा हट्ट. हा हट्टही पुढे आम्हाला छापील सापडला. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघा संशोधकांनी पुष्कळ वर्षे पिलांवर काम करून १९६५ मध्ये ग्रंथ लिहिला. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिलाच्या जन्माची गाठ बांधली जाण्याचा काळ, असे त्यांनी दाखविले. त्या दिवसांत ज्याचा हात, ज्याचा आवाज, ज्याचा वास, ते त्याचे गोत. त्यांच्याच सहकाऱ्यांनी काही पिले चौदा आठवडे माणसाला दिसू न देता वाढविली. खायला पोटभर होते. ती पुढे माणसाजवळ येईनात. रानातल्या जनावरासारखी कोपऱ्यात दबून बसत. त्यांची आई माणसाळलेली, तिची आई माणसाळलेली; पण रक्तातून आलेले तेवढे पुरले नाही.

हे रक्ताचे प्रकरण आम्हाला का लागले, ते आता सांगतो.

तिसऱ्या वर्षी पाले पडली आणि एका रात्री गावातल्या एका वाड्यातून धान्याची पोती गेली. सकाळी जीप आली ती गावात न थांबता सरळ ओढ्याकडे गेली. पोराच्या बापाला नेले, चुलत्याला नेले, आणि पंधरा वर्षांच्या त्या पोरालाही नेले. कुत्री जीपमागे धावली. दोन दमून परतली, काळी परतली नाही. तिसऱ्या दिवशी बाजाराला आम्ही वडिलांबरोबर तालुक्याला गेलो तेव्हा ती कचेरीच्या फाटकासमोर लिंबाखाली बसलेली दिसली. आम्ही हाक मारली. तिने शेपूट हलविली, पण उठली नाही. चहाच्या टपरीवर चार माणसे बसली होती. एकाने पावाचा तुकडा तिच्याकडे टाकला आणि म्हणाला, “तीन दिस झाले, हलंना. कसं इमानी कुत्रं हाय बघा.” आणि त्याच दमात, “जात मात्र चोराची.”

तो माणूस वाईट नव्हता. कुत्रीला तुकडा त्यानेच टाकला होता. तिचे इमान त्याला डोळ्यांना दिसत होते. ते कोणासाठी होते हे मात्र त्याच्या ध्यानात आले नाही. ज्या पोराने तिला बोटावर दूध चाटवून वाढविले, आपल्या आधी पाणी पाजले, त्याच्याविषयी ती तीन दिवस साक्ष देत बसली होती. पण साक्षीदार कुत्री, आणि आरोपी पारधी. पाच दिवसांनी त्यांना सोडले. पोती पुढे गावातच निघाली. पोरगा बाहेर आला तेव्हा त्याला नीट चालता येत नव्हते. त्या वर्षी पाले लौकर उठली, आणि पुन्हा आमच्या ओढ्याला पडली नाहीत.

इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. सुतार जसा पिढीजात सुतार तसा चोर पिढीजात चोर, अशी त्यामागची समजूत. हजेरी, परवाने, तारेच्या कुंपणातल्या वसाहती हे त्यातून आले. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, पण ही छाप तेथेही चुकली नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला, आणि त्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊ लागल्या. टपरीवरचा तो उद्गार त्यानंतर तीस वर्षांनी आमच्या कानांनी ऐकलेला आहे.

रक्तातून काहीच येत नाही, असे म्हणण्याचा आमचा आग्रह नाही. लांडग्याचा कुत्रा हजारो पिढ्यांनी झाला. जपानात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे आढळले की कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहू लागले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य वाढते. तान्ह्या लेकराकडे पाहणाऱ्या आईच्या अंगात वाढते तेच. माणसाने वाढविलेल्या लांडग्यांत तसे झाले नाही. म्हणजे गाठ बांधून घेण्याची ताकद कुत्रा जन्मतः घेऊन येतो. पण ती कोणाशी बांधली जाणार, आणि बांधली जाणार की नाही, हे पहिल्या काही आठवड्यांत एखाद्या पोराच्या हाताने ठरते. एकलव्याच्या कथेतला पांडवांचा कुत्रा आठवावा. मृगाजिन पांघरलेल्या त्या काळ्या पोरावर तो भुंकला, कारण ज्यांच्यात तो वाढला त्यांच्यात तसे कोणी नव्हते. एकलव्याने बाणांनी त्याचे तोंड भरले. तो कुत्रा एकलव्याच्या बापाच्या पाड्यावर वाढला असता तर उलट पांडवांवर भुंकला असता.

शिकार पुढे सुटली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाची शिकार बंद केली होती, आणि सशाचीही परवान्यावाचून करता येत नव्हती. म्हणजे आम्ही माळावर जे करीत होतो तो तेव्हाही गुन्हाच होता. आम्हाला ते ठाऊक नव्हते, आणि सांगायला कोणी आले नव्हते. कायदा योग्यच होता, हे आम्ही आज स्वच्छ सांगतो. माळावर काळवीट उरला आहे तो त्यामुळेच, आणि नायगावचे मोरही. आमची तक्रार एवढीच की हरणाला संरक्षण देताना फासा ज्याच्या हातात होता त्याच्या हातात दुसरे काही दिले गेले नाही. शेत नाही, शाळा नाही, आणि गावात कोणी कामावर घेईना. पुष्कळ पारधी कुटुंबांच्या, आमच्यासारख्या कोरडवाहू कुटुंबांच्या, तांड्यावरच्या लमाणांच्या आणि घाटावरच्या वंजाऱ्यांच्या वाटा शेवटी एकाच ठिकाणी मिळाल्या. उसात.

आमच्या घरी ही वेळ १९८५ मध्ये आली. वाघ्या आदल्या पावसाळ्यात साप चावून गेला होता. बहिणीच्या लग्नाचे कर्ज झाले, वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली, आणि दसरा झाल्यावर ट्रक आला. ज्यांची बैलगाडी असते त्यांचे कुत्रे गाडीच्या साट्याखाली, दोन चाकांच्या मधल्या सावलीत चालत जाते. ट्रकमध्ये माणसे, चुलीची भांडी, सरपण आणि शेळ्या गेल्या. कुत्र्याला मुकादमाने नको म्हटले. रुपी घाट उतरेपर्यंत मागे धावली. आम्ही फळीवर उभे राहून ओरडत होतो. कोणी ट्रक थांबविला नाही, आणि आज विचार केला तर थांबविण्याजोगे कारण तरी कोणाला दिसणार!

चैत्रात परतलो. सहा महिने रोज रात्री कोपीत झोपताना आम्ही ठरविले होते की रुपी उंबऱ्यावर मरून पडलेली असेल, किंवा वाट पाहत हाडांचा सापळा झालेली असेल. पोरांना असल्या गोष्टी आवडतात, थोरांनाही आवडतात. रुपी धडधाकट होती. गावात एक म्हातारी एकटीच राहत असे, तिच्या ओट्यावर ती पडलेली होती. आम्हाला पाहून आली, अंगावर उड्या मारल्या, रडल्यासारखा आवाज काढला, घरापर्यंत बरोबर आली. आईने तिला अख्खी भाकरी घातली. रात्री पाहतो तो ती परत म्हातारीच्या ओट्यावर जाऊन निजलेली.

आम्ही म्हातारीशी भांडलो. तुमच्या भाकरीने आमची कुत्री फितविली, असे काहीसे बोललो. ती म्हणाली, “माझ्याजवळ भाकर कुठली बाबा? माझं मलाच होईना. ती येऊन बसायची, मी आपली पाठीवर हात फिरवायची.” आम्हाला ते खोटे वाटले. पुढे २०१७ मध्ये त्याच कोलकात्याच्या संशोधकांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. रस्त्यावरच्या काही कुत्र्यांना अनोळखी माणसाने वेळोवेळी खाऊ घातले, काहींच्या नुसते डोक्यावरून हात फिरविले. ज्यांना हात मिळाला त्यांनी त्या माणसावर अधिक विश्वास टाकला. तो लेख आम्हाला एका शिक्षकमित्राने समजावून सांगितला, तेव्हा म्हातारीला जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती. तिची क्षमा मागावयाची राहून गेली.

रुपीला बेइमान म्हणण्याचे आम्ही त्यानंतर सोडून दिले. सहा महिने आम्ही नव्हतो, ती होती. ‘इमानी’ हा शब्द आपल्या भागात दोघांना लावतात, कुत्र्याला आणि सालगड्याला. मुकादमही त्याच कुटुंबाला इमानी म्हणतो जे पुढल्या साली न बोलता त्याचीच उचल घेते. आम्हाला संघटनेच्या पहिल्या वर्षांत एका बड्या बागायतदाराने ऐकविले होते, “तुम्ही आमची इमानी माणसं बिघडवता.” आम्ही त्यांना विचारले, तुमच्या गड्याच्या लेकराचे नाव काय? त्यांना सांगता आले नाही. त्यांच्या कुत्र्याचे नाव मात्र आम्हाला ठाऊक होते, कारण ते फाटकावर लिहिलेले होते.

आज शिकार नाही, पण पोर आणि कुत्रे कोपीच्या दारात अजून आहेत. कुत्र्याचे काम बदलले आहे. आईबाप पहाटे फडात जातात, मागे कोपीत आठ-दहा वर्षांचे पोर, त्याच्या कडेवर धाकटे भावंड, आणि राखणीला कुत्रे. उसाच्या मुलखात बिबट्या उसातच राहतो, उसातच विते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले भागात विद्या अथ्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यात शेकडा ८७ वाटा माणसाच्या वस्तीतल्या जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्याचा शेकडा ३९. कोपीला दार म्हणजे गोणपाट किंवा साडी. बिबट्या रात्री त्या दारापर्यंत आलाच तर त्याला आधी कोण भेटते, हे ह्या आकड्यात आहे. आणि बिबट्या माणसावर येतच नाही असेही नाही. २०२० च्या नोव्हेंबरात आपल्या आष्टी तालुक्यात काय झाले ते आपण विसरला नसाल. शेवटी डिसेंबरात करमाळा तालुक्यात त्या बिबट्याला गोळी घालावी लागली.

पोरांसाठी गावोगाव हंगामी वसतिगृहे निघाली. आईबाप उसाला गेले तरी पोर गावातच राहावे, दोन वेळा जेवावे, शाळा बुडू नये, अशी ती सोय. २०२१ मध्ये शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी निवासी वसतिगृहांची योजनाही मंजूर केली. जेथे ती नीट चालतात तेथे त्यांच्यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही, आणि त्यांसाठी आमच्या माणसांनी पुष्कळ मोर्चे काढले आहेत.

मागल्या हंगामाआधी असेच एका वस्तीवर आईबापांना समजावीत बसलो होतो. पोरगा चौथीतला, हुशार. आई तयार झाली, बापही झाला. पोरगा कोपऱ्यात कुत्र्याच्या मानेत हात घालून ऐकत होता. त्याने विचारले, “काका, तिथं ह्याला ठेवत्यात का?”

आम्ही म्हणालो, नाही.

“मग कोपीवर रात्री हा एकटाच जागायचा का?”

बाप त्याच्यावर ओरडला. आम्ही त्याला थांबविले, आणि अर्ज परत पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. चौथ्या दिवशी त्याने अर्जावर आपल्या हाताने नाव लिहिले, कारण त्याच्या चुलत्याने कुत्रे आपल्या गाडीखाली नेण्याचे आणि पहिली भाकरी त्यालाच घालण्याचे कबूल केले. चुलत्याकडून त्याने ते आमच्यासमोर दोनदा वदवून घेतले.